नाव एकाचे, तार दुसऱ्याची

मुंबईत आणि गुजरातच्या काही शहरांत ‘यू ब्रॉडबँड’चे कनेक्शन बऱ्याच घरांत आहे. ही कंपनी सुरू केली ब्रिटिश गॅसच्या समूहाने. मुंबईच्या महानगर गॅसमध्ये त्याची भागीदारी होती आणि सुरतेकडची गुजरात गॅस त्याच्या ताब्यात होती. जमिनीखालून काही न्यायचे तर परवानगी कुणाकडून घ्यायची आणि खोदलेला रस्ता पूर्ववत कसा करून द्यायचा, हे त्याला चांगले ठाऊक होते. तेव्हा या ब्रॉडबँड सेवेचे नाव ‘इकारा’ होते. पुढे ब्रिटिश गॅस या धंद्यातून बाहेर पडली, सिटीग्रुपच्या गुंतवणूक निधीने कंपनी घेतली आणि नाव ‘यू’ झाले. २०१६मध्ये ती विकत घेण्याचा करार व्होडाफोनने केला. २०१८मध्ये व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. या एकत्रित कंपनीकडे सरकारचे येणे इतके साचले की २०२३मध्ये सरकारने व्याजाऐवजी तिचे शेअर घेतले. २०२५मध्ये आणखी रक्कम शेअरमध्ये बदलली आणि भारत सरकारचा वाटा सुमारे ४९ टक्क्यांवर गेला. कारभार प्रवर्तकांच्याच हातात आहे, पण सर्वांत मोठा भागधारक आज सरकार आहे.

ब्रिटिश गॅसपासून भारत सरकारपर्यंत हा प्रवास होत असताना ग्राहकाच्या भिंतीतून आत आलेली तार मात्र अनेक ठिकाणी तीच राहिली. बिलावरचे नाव बदलले, राउटरवरचे चिन्ह बदलले, तक्रारीचा फोन नंबर बदलला. या पुस्तकाचा विषय हाच आहे. आपण ज्याला ‘नेट’ म्हणतो त्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात : बिलावरचे नाव, ते बिल वसूल करणारी कंपनी आणि जमिनीत किंवा खांबावर असलेली तार. या तिन्हींचा मालक एकच असेल असे आपण गृहीत धरतो. बहुतेक वेळा तसे नसते, आणि नसते तेव्हा नेमके काय बिघडते किंवा काय साधते, हे मराठीतून सलगपणे सांगणारे लेखन जवळजवळ नाही. महिन्याचा खर्च म्हणून वीज, पाणी, गॅस यांच्या रांगेत ब्रॉडबँड येऊन बसले त्यालाही आता बरीच वर्षे झाली. विजेच्या कंपन्यांची मालकी, त्यांचे विभाजन, त्यांचे दर यांवर महाराष्ट्रात हिरिरीने वाद झाले. तारेबद्दल ते झाले नाहीत.

मालकी इतकी महत्त्वाची का, हे समजण्यासाठी तारेचा स्वभाव थोडा ओळखावा लागतो. फायबर म्हणजे केसासारखी बारीक काच. काचेतून प्रकाशाने दूरवर संदेश नेता येईल हे चार्ल्स काव यांनी १९६६मध्ये मांडले, त्यासाठी त्यांना २००९मध्ये नोबेल मिळाले. ही काच एकदा नीट पुरली की काही दशके टिकते. वेग वाढवायचा तर बहुधा दोन्ही टोकांची यंत्रे बदलतात, काच तीच राहते. खर्चाचा मोठा भाग काचेचा नसतोच. तो असतो चर खोदण्याचा, डक्ट टाकण्याचा, महापालिकेला रस्ता दुरुस्तीचे पैसे भरण्याचा, सोसायटीची परवानगी मिळवण्याचा. म्हणजे ज्याने एकदा रस्ता खोदून तार टाकली त्याच्याकडे पुढच्या पिढीपर्यंत पुरणारी मिळकत आली, आणि त्याच रस्त्यावर दुसऱ्याने पुन्हा तेवढाच खर्च करावा असे आर्थिकदृष्ट्या क्वचितच परवडते. त्यात घरगुती फायबरची रचना अशी, की एक्स्चेंजकडून येणारी एक काच वाटेतल्या स्प्लिटरमधून ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते. तांब्याच्या टेलिफोनला प्रत्येक घराची जोडी वेगळी असे आणि ती एका कंपनीकडून काढून दुसरीकडे जोडता येई. इथे ते सहज होत नाही. स्पर्धा हवी असेल तर ती कुठल्या थरावर हवी, हे तार टाकण्याआधीच ठरवावे लागते.

तारेचा उद्योग महाराष्ट्राला परका नाही. स्टरलाइटची ऑप्टिकल फायबर बनवणारी मोठी कारखानदारी छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज आणि शेंद्रा इथे आहे, आणि पिंपरीतून वाढलेल्या फिनोलेक्सच्या केबल देशभर जातात. त्याहून जुना धागा समुद्रातला. १८७० साली ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजाने मुंबईहून एडनपर्यंत तारायंत्राची केबल टाकली आणि मुंबई लंडनशी समुद्रमार्गे जोडली गेली. ती केबल खासगी इंग्रजी कंपनीची होती, सरकार तिचे गिऱ्हाईक होते. आजही देशाबाहेर जाणाऱ्या समुद्री केबलींचा मोठा हिस्सा मुंबईच्या किनाऱ्याला, विशेषतः वर्सोव्याला लागतो.

जमिनीवर मात्र शंभराहून अधिक वर्षे तारेचे मालक मुख्यतः सरकारच होते. १९८६मध्ये मुंबई-दिल्लीच्या टेलिफोनसाठी एमटीएनएल आणि परदेशी संपर्कासाठी विदेश संचार निगम या कंपन्या निघाल्या. विदेश संचारने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. १९९८च्या अखेरीस खासगी इंटरनेट कंपन्यांना परवाने मिळू लागले, पण त्यांच्याकडे घरापर्यंतची तार नव्हती. ग्राहक एमटीएनएलच्या फोनवरून डायल करायचा आणि खासगी कंपनीच्या नावाने नेट वापरायचा. २००० साली उरलेल्या देशासाठी बीएसएनएल झाली, २००२मध्ये विदेश संचारचा २५ टक्के वाटा टाटांनी १,४३९ कोटी रुपयांना घेतला आणि २००८मध्ये ती टाटा कम्युनिकेशन्स झाली.

या इतिहासातला माझ्या मते सर्वांत निर्णायक क्षण २००४चा आहे आणि तो फारसा कुणाच्या लक्षात नाही. दूरसंचार नियामक ट्रायने त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये शिफारस केली होती की बीएसएनएल आणि एमटीएनएलच्या घराघरांत गेलेल्या तांब्याच्या तारा इतर कंपन्यांना ठरावीक भाड्याने वापरू द्याव्यात. युरोपात हे तेव्हा चालू होते. त्याच वर्षी आलेल्या ब्रॉडबँड धोरणाने ही सक्ती स्वीकारली नाही. सरकारी कंपन्यांनी हवे तर परस्पर करार करावेत, एवढ्यावर विषय संपवला. त्या धोरणात ब्रॉडबँडची व्याख्या २५६ केबीपीएस होती आणि २०१०पर्यंत २ कोटी जोडण्यांचे लक्ष्य होते; प्रत्यक्षात २०१०अखेर सुमारे १ कोटी १० लाख झाल्या. सरकारी कंपन्यांनी तारा वाटल्या नाहीत आणि स्वतःही त्यांचे मोल वाढवले नाही. खासगी कंपन्यांपुढे एकच वाट उरली : स्वतःची तार टाका. भारतातल्या प्रत्येक शहरात खांबांवर, झाडांवर, गच्च्यांवर लोंबणारी तारांची जाळी हा त्या निर्णयाचा दिसणारा परिणाम आहे. तार वाटून घेण्याचा नियमच नसल्यामुळे चार कंपन्यांनी चार तारा टाकल्या, आणि जिथे गिऱ्हाईक कमी तिथे कुणीच टाकली नाही.

ही जागा भरून काढली ती केबलवाल्याने. १९९१च्या आखाती युद्धाची दृश्ये आणि त्याच वर्षी आलेले स्टार टीव्ही यांमुळे वस्तीवस्तीत कुणीतरी गच्चीवर डिश लावून आसपासच्या घरांत तारा सोडल्या. कायदा झाला तो १९९५मध्ये, तोपर्यंत धंदा उभा राहिला होता. मग सिटी केबल, इनकेबल, हॅथवे अशा मोठ्या कंपन्या आल्या. त्या शहरभर सिग्नल पुरवत, पण शेवटचे काही शे मीटर, घराची ओळख, महिन्याची वसुली आणि रात्री तार तुटल्यावर येणारा मुलगा हे सगळे स्थानिक केबलवाल्याचेच राहिले. मराठी शहरांमध्ये या व्यवसायाने हजारो तरुणांना रोजगार दिला. त्याच्या आर्थिक इतिहासाकडे अभ्यासकांनी पाठ फिरवली, याचे मला मनापासून वाईट वाटते. २०१२मध्ये मुंबईत केबलचे सक्तीचे डिजिटायझेशन झाले. सेट-टॉप बॉक्स कंपनीचा, हिशेब कंपनीच्या संगणकावर, आणि किती घरे आहेत हे आता लपत नव्हते. त्याच तारेवरून नेट देता येऊ लागले तेव्हा केबलवाला एखाद्या परवानाधारक कंपनीचा फ्रँचायझी झाला. पाटी कंपनीची, गिऱ्हाईक त्याचे.

ऑक्टोबर २०१८मध्ये रिलायन्सने हॅथवेचे ५१.३ टक्के सुमारे २,९४० कोटींना आणि डेन या दुसऱ्या केबल कंपनीचे ६६ टक्के सुमारे २,२९० कोटींना घेण्याचे जाहीर केले. दोन्ही नावे कायम राहिली. जिओचे स्वतःचे घरगुती फायबर पुढच्याच वर्षी, ५ सप्टेंबर २०१९ला बाजारात आले. म्हणजे एखाद्या वस्तीत हॅथवे आणि जिओ फायबर ही दोन नावे समोरासमोर दिसतात, ग्राहक दर तपासून एकाकडून दुसरीकडे जातो, आणि दोन्हींचे नियंत्रण एकाच समूहाकडे असते. नाव टिकवण्यात कंपनीचा स्वार्थ उघड आहे : केबलवाल्याची निष्ठा आणि जुन्या गिऱ्हाइकाची सवय दोन्ही राहतात. ग्राहकाला मात्र हे कळायला हवे, कारण पर्याय मोजताना तो नावे मोजतो.

याच प्रश्नाला इतर देशांनी वेगवेगळी उत्तरे दिली आणि त्यातूनच या विषयातले मुख्य विचारप्रवाह घडले. ब्रिटनची कथा सर्वांत गुंतागुंतीची. १९८४मध्ये ब्रिटिश टेलिकॉमचे खासगीकरण झाले. वीस वर्षांनी लक्षात आले की तारेची मालक कंपनी स्वतःच सेवाही विकत असेल तर प्रतिस्पर्ध्यांना ती सरळ वागवत नाही. २००६मध्ये तारांचे काम ओपनरीच नावाच्या वेगळ्या विभागाकडे गेले. २०१८मध्ये ती कायद्याने स्वतंत्र कंपनी झाली, तरी मालकी बीटी समूहाचीच राहिली. ओपनरीचची व्हॅन दारात येते तेव्हा ग्राहकाचे बिल स्कायचे असू शकते किंवा टॉकटॉकचे. खुद्द बीटीचा सर्वांत मोठा भागधारक आज भारतीय आहे : २०२४मध्ये सुनील मित्तल यांच्या भारती समूहाने २४.५ टक्के वाटा घेण्याचा व्यवहार जाहीर केला.

तिथेच दुसरी तार केबल टीव्हीची. अनेक छोट्या केबल कंपन्या एकमेकींत विलीन होत शेवटी एनटीएल आणि टेलिवेस्ट उरल्या. २००६मध्ये त्याही एक झाल्या. एनटीएलची ग्राहकसेवेबद्दलची ख्याती वाईट होती, म्हणून नव्या कंपनीने रिचर्ड ब्रॅन्सन यांच्या समूहाकडून ‘व्हर्जिन’ हे नाव ३० वर्षांच्या कराराने भाड्याने घेतले आणि २००७मध्ये ती व्हर्जिन मीडिया झाली. २०१३मध्ये लिबर्टी ग्लोबलने ती विकत घेतली, २०२१मध्ये स्पेनच्या टेलिफोनिकाबरोबर अर्धी-अर्धी भागीदारी झाली. जमिनीत केबल तीच, नाव ब्रॅन्सन यांचे, मालक अमेरिकी आणि स्पॅनिश. नावाचे भांडण तिथे आणखी पुढे गेले. घरापर्यंत शेवटचा टप्पा तांब्याचा असूनही जाहिरातीत ‘फायबर’ म्हणावे का, यावर सिटीफायबर कंपनी न्यायालयात गेली आणि २०१९मध्ये हरली. तरी मुद्दा संपला नाही. सप्टेंबर २०२४पासून ऑफकॉम या नियामकाने ग्राहकाला माहिती देताना ‘फायबर’ हा शब्द फक्त घरापर्यंत काच असेल तरच वापरण्याचे बंधन घातले. आपल्याकडे ‘एअर फायबर’ या नावाची सेवा घराच्या भिंतीवरच्या बिनतारी यंत्राने चालते, काच फक्त टॉवरपर्यंत असते. सेवा अनेकांना उपयोगी पडते यात शंका नाही, पण नावातून कळणारी गोष्ट आणि तंत्र यांत इतके अंतर असू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

न्यूझीलंडने गाठ मुळातूनच कापली. सरकारी मदतीतून फायबर टाकायचे तर तार टाकणाऱ्याने घरगुती ग्राहकांना सेवा विकायची नाही, अशी अट घातली. जुन्या टेलिकॉम कंपनीने २०११मध्ये स्वतःचे दोन तुकडे केले : तारांची कोरस आणि सेवेची टेलिकॉम, जी पुढे स्पार्क झाली. क्राइस्टचर्चमध्ये तर तारांची कंपनी नगरपालिकेच्या मालकीची आहे. योजना २०२२अखेर पूर्ण झाली आणि सुमारे ८७ टक्के लोकसंख्येपर्यंत फायबर पोहोचले. ऑस्ट्रेलियाने २००९मध्ये अख्खे जाळे सरकारी कंपनीकडून बांधायचे ठरवले, सरकार बदलल्यावर काचेऐवजी जुने तांबे आणि केबल मिसळून काम उरकले, आणि नंतर तेच भाग पुन्हा सुधारायला घेतले. स्टॉकहोम शहराने १९९४मध्येच स्टोकॅब ही कंपनी काढून नुसती काच भाड्याने देणे सुरू केले. इंग्लंडच्या लँकेशायरमध्ये शेतकऱ्यांनी सहकारी तत्त्वावर बी-फोर-आरएन ही संस्था काढून स्वतःच्या शेतांतून स्वतः चर खोदले. साखर कारखाने आणि दूध संघ उभारलेल्या महाराष्ट्रात हा शेवटचा प्रयोग अजून कुणाला मोठ्या प्रमाणावर करावासा वाटला नाही, याचा विचार सहकारातल्या कार्यकर्त्यांनी जरूर करावा.

गेल्या दशकात एक नवा मालक पुढे आला : पायाभूत सुविधांत पैसा गुंतवणारे निधी. तार एकदा टाकली की वर्षानुवर्षे ठरावीक भाडे देते, आणि पेन्शन फंडांना किंवा देशांच्या सार्वभौम निधींना नेमकी हीच कमाई हवी असते. २०१९मध्ये जिओने आपले फायबर वेगळ्या कंपनीत काढून एका इन्फ्रास्ट्रक्चर ट्रस्टच्या छत्राखाली नेले. २०२०मध्ये अबू धाबीच्या आणि सौदी अरेबियाच्या सरकारी निधींनी त्या ट्रस्टमध्ये प्रत्येकी सुमारे ३,७७९ कोटी रुपये गुंतवण्याचे जाहीर केले. ज्या घराच्या बिलावर जिओ लिहिले आहे, त्याच्यापर्यंत येणाऱ्या जाळ्यात आखाती देशांचा पैसा आहे. अनिल अंबानींची रिलायन्स कम्युनिकेशन्स दिवाळखोरीत गेल्यावर तिच्या उपकंपनीचे सुमारे १.७८ लाख किलोमीटर फायबर आणि टॉवर २०२२मध्ये न्यायाधिकरणाच्या मंजुरीने ३,७२० कोटींना जिओच्या उपकंपनीकडे गेले. २००२मध्ये, अंबानी बंधूंच्या वाटणीआधी, एकसंध रिलायन्सने उभारायला घेतलेल्या जाळ्याचा मोठा भाग वीस वर्षांनी मुकेश अंबानींच्या समूहात परत आला. कंपनी बुडते, पण काच जमिनीतच असते, आणि तिला गिऱ्हाईक मिळतेच.

सरकारनेही तार टाकली आहे. २०११मध्ये मंजूर झालेली आणि पुढे भारतनेट म्हणून ओळखली गेलेली योजना देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्यासाठी होती. तिचा पैसा दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातून जमणाऱ्या निधीतून आला, म्हणजे प्रत्येक मोबाइलधारकाने तो अप्रत्यक्षपणे भरला. महाराष्ट्राने दुसऱ्या टप्प्यात ‘महानेट’ नावाने राज्याच्या यंत्रणेतून काम हाती घेतले. तार अनेक ग्रामपंचायतींच्या कार्यालयात पोहोचली. तिथून घरापर्यंत कुणी न्यायची, तुटली तर कुणी जोडायची, आणि त्याचे पैसे कुणाला, हे ठरलेले नव्हते. रस्त्याच्या रुंदीकरणात तार तुटते आणि तिची जबाबदारी घेणारा जवळ कुणी नसतो. ऑगस्ट २०२३मध्ये केंद्राने १,३९,५७९ कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर केला. त्यात तार वर्तुळाकार टाकायची, म्हणजे एकीकडे तुटली तरी दुसरीकडून चालेल, आणि गावातल्या स्थानिक उद्योजकाने बीएसएनएलबरोबर उत्पन्न वाटून घेत घरोघरी जोडण्या द्यायच्या. बारा वर्षांनी धोरण पुन्हा केबलवाल्यापाशी आले आहे. मला हे आशादायक वाटते. पण त्या उद्योजकाला कराराची हमी, सुट्या भागांचा पुरवठा आणि वेळेवर पैसे मिळाले तरच.

हे पुस्तक आत्ताच का, याचे कारण आकड्यांत आहे. देशात ब्रॉडबँड वापरणारे नव्वद कोटींहून अधिक, पण त्यांपैकी तारेने जोडलेले २०२४अखेर सुमारे ४ कोटीच. बाकी जवळजवळ सगळे मोबाइलवर. बहुतेक घरे अजून तारेने जोडायची आहेत आणि ती कुणाच्या तारेने जोडली जातील हे पुढच्या दहा वर्षांत ठरेल. १ जानेवारी २०२५पासून रस्त्याखालून तार नेण्याच्या हक्काचे नवे नियम लागू झाले आहेत. पालिकांचे समाईक डक्ट होणार की पुन्हा प्रत्येकाचा वेगळा चर, हे महाराष्ट्रातल्या शहरांना आता ठरवायचे आहे. घरून काम करणारी पुण्यातली अभियंता, ऑनलाइन परीक्षेचा अर्ज भरणारा गडचिरोलीतला विद्यार्थी, वाडीत बसून मुंबईच्या डॉक्टरशी बोलणारी आजी, या सगळ्यांचा रोजचा व्यवहार त्या निर्णयांवर अवलंबून आहे.

पुस्तकाचा आवाका मी मुद्दाम मर्यादित ठेवला आहे. उपग्रहावरून येणारे नेट आणि मोबाइलचे स्पेक्ट्रम यांचा उल्लेख लागेल तेवढाच येतो, कारण त्यांची मालकीची गणिते वेगळी आहेत. तांत्रिक भाग कारागिराच्या बाजूने लिहिला आहे : तार कशी टाकतात, जोड कसा मारतात, तुटलेली जागा यंत्राने कशी शोधतात. मालकीचा भाग कंपन्यांच्या वार्षिक अहवालांवर, परवान्यांच्या याद्यांवर आणि नियामकांच्या कागदपत्रांवर उभा आहे, म्हणजे वाचकाला तेच कागद उघडून माझे म्हणणे तपासता येईल. जिथे मी एखाद्या धोरणाच्या बाजूने किंवा विरोधात उभा आहे तिथे ते उघडपणे लिहिले आहे. घरापर्यंतच्या तारेचा मालक आणि सेवा विकणारा यांच्यात अंतर असावे, निदान सार्वजनिक पैशाने टाकलेल्या तारेबाबत तरी असावे, ही माझी भूमिका आहे आणि तिच्याविरुद्धचे सर्वांत बळकट युक्तिवादही मी पूर्ण मांडले आहेत.

गृहनिर्माण सोसायट्यांसाठी एक वेगळे प्रकरण आहे, आणि घाईत असलेल्या वाचकाने तिथूनच सुरुवात केली तरी चालेल. इमारतीच्या शाफ्टमध्ये कंपनीने टाकलेली तार करार संपल्यावर कुणाची, दुसऱ्या कंपनीला तोच मार्ग वापरू द्यायचा की नाही, गच्चीवरच्या पेटीला वीज कुणाच्या मीटरवरून, कंपनी विकली गेली तर करार नव्या मालकाला आपोआप लागू होतो का : हे प्रश्न सेक्रेटरीने सही करण्याआधी विचारायचे असतात. ते कसे विचारावेत आणि कुठल्या उत्तरावर समाधान मानू नये, हे तिथे एकेक करून दिले आहे.